स्पीकर फाटलाय

सोलापुरात नोकरीला असलेला बिरुदेव कामावर जाता-येता गाडीतूनच गावाकडं आईला, केराबाईंना, फोन लावायचा. केराबाईंनी "गावाला कवा येतूयास रं?" असं विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "आये, गाडीतला स्पीकर फाटलाय, काय कळंना बग!"

शेवटी केराबाईंनी एक बोकड विकला आणि नव्या स्पीकरसाठी पैसे पाठवून दिले.

दुकानदार म्हणाला, "टेप कंपनीचाच राहू द्या की. एवढ्या पैशात चारी दारांचे स्पीकर मस्त बसतील." तसे ते बसलेही. बिरुदेव गाणी ऐकत खुशीत सात रस्ता चौकापर्यंत आला, तोच टेपला जोडलेला फोन वाजला. त्यानं तो उचलला.

 

चारी दारांतून आईचा खणखणीत आवाज आला, "आता ऐकू येतंय न्हवं? मग सांग, कवा येतूयास?"