पूड आणि मावशींचं गाव

"बोल, आज काय म्हणते तुझी पूड?" ओलं फडकं पिळत मावशींनी विचारलं.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात मावशी फरशी पुसायच्या. खिडकीजवळच्या खाटेवर ड्रमवाला होता. पार्ट्यांत ड्रम वाजवता वाजवता तो पांढऱ्या पुडीच्या नादी लागला होता. रोज दुपारी दोघांची जुगलबंदी रंगायची. तो पुडीची थोरवी गायचा, मावशी आपल्या गावाची.

"पूड ओढली की झोप उडते, मावशी."

"गावातही उडते. आमच्या समोरचा लोहार पहाटेच घण घालायला लागतो."

"अंगात दहा माणसांचं बळ येतं."

"आमच्या पुलाच्या चढावर गाडी अडली की दहा माणसं खरोखरची येतात. ढकलतात, वर अक्कलही शिकवतात."

शेजारच्या खाटेवरचे काका पोट धरून हसले.

"अख्खं जग आपल्याला ओळखतं असं वाटतं."

"आमच्याकडे आठवडाभर राहा. न्हाव्याला तुझ्या चपलेचा आवाजसुद्धा ओळखू येईल."

"बरं, उतरते तेव्हा काय?" काकांनी मध्येच विचारलं.

ड्रमवाल्याची गादीवर ताल धरलेली बोटं थांबली. "तेव्हा कुणीच नसतं."

"हरली तुझी पूड," मावशी म्हणाल्या. "पाय वर घे, खाली पुसायचंय."

सुटी मिळायचा दिवस आला. त्याला जायला एकच जागा होती, मित्रांची खोली. तिथे मित्रही तेच होते आणि पूडही. पाय ठेवला की पुन्हा याच खाटेवर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मावशी, तुमच्या गावात मला काम मिळेल?"

"हातपाय धड आहेत ना? मग न मिळायला काय झालं? स्टँडवर जा आणि तिकीट काढ."

तो शीळ घालत स्टँडवर पोचला. तिकीट खिडकीच्या फळीवर बोटांनी ताल धरत त्याने गावाचं नाव सांगितलं.

कारकुनाने मान वर केली. त्याची पिशवी पाहिली, चेहरा पाहिला.

"या नावाचं गाव नाहीये."

"असं कसं? नीट बघा ना. मला तिथेच जायचंय. दुसरीकडे कुठे जाऊन चालणार नाही."

कारकून उठला. बाजूचं दार उघडून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"आत ये, बस. चहा घे, मग तुझ्या कामाचं बघू. मी त्या वॉर्डात होतो तेव्हा मावशींच्या गावाला समुद्र होता."