टाचेएवढा उंचवटा

"आजी, खोका बरं जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. द्वारकाबाई खोकल्या, तसा बेंबीच्या वर बाळाच्या टाचेएवढा उंचवटा उठला.

"पोटाचे उभे स्नायू मधोमध एका पांढऱ्या, चिवट पडद्यानं जोडलेले असतात. तुमचा विरलाय, म्हणून आतडं डोकावतं. जाळी लावून शिवून टाकू. बाळंतपणात पोट बांधलं नव्हतं का कुणी?"

"माझं तर आईंनीच बांधलं होतं, श्वास कोंडेल इतकं घट्ट!" सून हसली.

द्वारकाबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. त्यांच्या पोटासाठीही जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा फाडून ठेवला होता. पण पहिली मुलगी मेलेलीच जन्मली, आणि सासूबाईंनी घाईघाईत तिलाच त्यात गुंडाळून नेलं. पोट मोकळं राहिलं. तेव्हापासून खोकला आला की ती टाच आतून वर यायची, आणि द्वारकाबाई हळूच तिच्यावर तळवा ठेवायच्या.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स न्यायला आली. "थांब गं पोरी," म्हणत त्या मुद्दाम एकदा खोकल्या आणि वर आलेल्या टाचेवरून त्यांनी हात फिरवला.

"नीज आता, सोने," त्या पुटपुटल्या. "दार लावून घेताहेत."