वरचा आणि खालचा

"माझा हात दिसल्याशिवाय ही क्रेन कधी इंचभर हलली नाही," खालचा छाती फुगवून म्हणाला.

"काका, मागच्याच महिन्यात ट्रेलरवर घालून इथे आणली तिला," आइस्क्रीमवाला म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

गोदी पाडून तिथे बाग, कारंजी आणि समुद्र दिसणारे फ्लॅट झाले होते. क्रेन पिवळीधमक रंगवून हिरवळीवर उभी केली होती. ती चालवायचा तो वरचा. खाली उभा राहून हाताने इशारे करायचा तो खालचा. गोदीत दोघांना दुसरी नावंच नव्हती.

शेवटच्या दिवशी वरच्याने शेवटचं खोकं नेमकं खालच्याच्या जेवणाच्या डब्यावर उतरवलं. मुद्दाम, असं खालच्याचं म्हणणं. त्याने अबोला धरला. पुढे बायको गेली. कान तर गोदीच्या आवाजानेच गेले होते. आता अबोला धरायलाही दुसरं कोणी उरलं नव्हतं.

त्याने वर पाहिलं. केबिनमध्ये वरच्याची निळी टोपी, नेहमीसारखी डाव्या कानावर कललेली. म्हणजे या वयातही गड्याला कामावर ठेवलं होतं तर. आज भांडण मिटवूनच टाकायचं.

खालच्याने जुनं हेल्मेट चढवलं आणि हात सरळ वर केला. म्हणजे, माझ्याकडे बघ. गोदीचा नियम होता: वरून उत्तर येईपर्यंत हात खाली आणायचा नाही आणि केबिनवरची नजर काढायची नाही.

टोपी हलली नाही.

"अजून फुगलाय," खालचा पुटपुटला.

हाताला रग लागली. लोक फोटो काढत होते. एका बाईने त्याच्या दुसऱ्या हाताला पिशवी अडकवली, पोराच्या बुटाची नाडी बांधली आणि पिशवी काढून घेतली. खालच्याने नजर ढळू दिली नाही.

ऊन उतरल्यावर वरचा सुनेबरोबर फिरायला आला.

केबिनमधला आपला पुतळा बघून त्याने नाक मुरडलं. टोपी तेवढी खरी होती, त्याच्याकडूनच मागून नेलेली. मग तो खालच्याच्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ.

"माझा काही जमला नाही," तो सुनेला म्हणाला. "याचा मात्र हुबेहूब केलाय. नवा डबा घेऊन ठेवलाय गं याच्यासाठी. पण राहतो कुठे, कोणालाच माहीत नाही."

सून वळसा घालून पुढे गेली. "बाबा, याने डोळे मिचकावले."

"हल्ली तसे बनवतात. विजेवर."

हेल्मेटवर कबुतर बसलं होतं. वरच्याने ते हाकललं, आणि दोघं पार्किंगकडे गेले.