बांधणीपुरता आवाज

या, जरा जवळ सरका, टाळ घडीभर खाली ठेवा. पारोळ्याच्या बाजारात शालिग्रामआबा भाव सांगणाऱ्या यंत्रापुढे उभे राहिले, तिथली गोष्ट सांगतो.

यंत्र बोललं, "आज कापूसना भाव सात हजार दोनशे रुपया शे."

बोली अहिराणीच, पण गळा परका. गुळगुळीत, कुठल्याशा शहरातल्या बाईचा. आबांनी कान पुढे केला, पुन्हा ऐकलं. मागे धरणगावची भजनी मंडळी उभी होती. आबांनीच त्यांना हट्टानं आणलं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आता आमची बेबाबाई भाव सांगणार, म्हणून.

बेबाबाई म्हणजे आबांची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या दुखण्यात ती रोज लेकापुढे बसून एकेक शब्द बोलत गेली, आणि लेकानं, जितेंद्रनं, त्यावरून भाव सांगणारा हा प्रोग्राम रचला. घरच्या संगणकावर तो तिच्याच आवाजात बोलायचा. आबा पूजा आटोपली की तो ऐकायचे.

"आबा, वहिनी माहेर गयी का?" पंडित मृदंगवाला हसला. बाकी कुणी हसलं नाही.

आबांनी लेकाकडे पाहिलं.

जितेंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, प्रोग्रामला काय काय लागतं ते आधी लिहून द्यावं लागतं. बांधताना लागणारं वेगळं, चालताना लागणारं वेगळं. मांडव बांधायला शिडी लागते. कीर्तन उभं राहिलं की मृदंग हवा, शिडी घरी. मायचा आवाज मी बांधणीत लिहिला. त्यावरून यंत्र बोली शिकलं. बांधणीचं सामान घरच्या संगणकावरच राहतं; इथे जे पाठवलं, त्यात तो येत नाही, यंत्राचा मूळचाच गळा बोलतो."

"चुकीसन लिखा?"

"नाही. जाणून."

"तुनी माय शिडी व्हती का रे?"

आबांच्या मनात आलं: धाप लागत असताना जिनं एकेक शब्द दिला, तिला पोटच्या पोरानं काम सरल्यावर दाराबाहेर ठेवलं. परका करता तर सोसलं असतं. मंडळींकडे न बघता ते एसटी स्टँडकडे चालू लागले.

जितेंद्रनं त्यांना रस्त्यात गाठलं.

"आबा, मी तो आवाज आधी चालताना लागणाऱ्यातच लिहिला होता. मायनंच बदलायला लावलं. म्हने, 'मना आवाज घरमाच राहू दे, बेटा. बजारमा ठेवा ते हाऊ माणूस दिनभर तठेच बशी राही, घर जेवाले येवाव नही.'"

श्रोते हो, आज घरी दोन घास खाल, तेव्हा आमच्या बेबाबाईची आठवण असू द्या.