फीमाफी

एका हातानं मोबाइल कानाला धरून पेन्शनर काका दुसऱ्या हातानं दुकानातली प्रीपेड कार्डं गोळा करत होते. "क्रेडिट कार्डाची वार्षिक फी कायमची माफ होतेय," त्यांनी काउंटरवरच्या बाईंना आनंदानं सांगितलं. "ही कार्डं विकत घ्यायची, नंबर खरवडायचे आणि फोनवरच्या साहेबांना वाचून दाखवायचे. बस्स!"

बाईंनी कार्डं मोजणं थांबवलं. फी वाचवायला आलेली माणसं खातं रिकामं करून जातात, हे त्यांनी इथेच उभं राहून पाहिलं होतं.

"काका, बँक कधी कुणाला काही माफ करते का हो? आणा तो फोन इकडे."

त्यांनी फोन जवळजवळ हिसकावलाच. "काय रे मेल्या, म्हाताऱ्या माणसाला लुबाडताना लाज नाही वाटत? आईनं हेच शिकवलं का?"

पलीकडून, परदेशी नोकरीला गेल्यापासून ज्याचा फोन लागत नव्हता, त्या बाईंच्याच मुलाचा दबका आवाज आला. "आई, ओरडू नकोस. ते ऐकतायत. कोंडून ठेवलंय आम्हाला इथे, असे फोन करायला. आज एकही कार्ड मिळालं नाही, तर काल शेजारच्या टेबलावरच्या पोराचं जे केलं, तेच माझं करतील."

"काय म्हणतायत साहेब?" काकांनी काळजीनं विचारलं. "होतेय ना माफ?"

"होतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन परत दिला आणि नंबर खरवडायला काकांना गल्ल्यातलं एक नाणं काढून दिलं.