भिंतीवरचे ग्लास

नवरा स्टुलावरून उतरला, दोन पावलं मागे सरकला आणि बायकोला म्हणाला, "आता बघ."

काउंटरमागच्या भिंतीवर टांगलेला टीव्ही त्यांच्या झोपायच्या खोलीतला होता. बाळ झाल्यापासून तो कुणी लावलाच नव्हता. आता त्यावर एकेक पेय येऊन जात होतं, नावाकिमतीसकट. असले मेन्यू लावून देणाऱ्या कंपनीच्या माणसाने दरमहाचा आकडा सांगितला, तेव्हा नवऱ्याने त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि स्वतःच शक्कल लढवली होती. फोनवर एक फुकटचा अल्बम उघडायचा. त्यात फोटो टाकला की तो आपोआप टीव्हीवर येतो. अल्बम दोघांच्याही फोनवर उघडायचा, पण होता बायकोच्या खात्यावर, कारण त्याच्या खात्यातली सगळी जागा बाळाच्या फोटोंनी खाल्ली होती.

खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. संध्याकाळी बार उघडायचा होता आणि जुनी, डागाळलेली मेन्यूकार्डं त्याने सकाळीच रद्दीत देऊन टाकली होती.

नारिंगी ग्लास आला. मग हिरवा. मग काठाला मीठ लावलेला. तिला ग्लास दिसायला जरा वेळ लागला. आधी हात दिसला. प्रत्येक फोटोत तोच हात. लांब बोटं, अंगठ्यात चांदीचं वळं, नखांना बाटलीसारखा गर्द हिरवा रंग.

हाताची मालकीण काउंटरमागे लिंबं कापत होती. पेयं बनवायचं काम तिचं. नवरा तिला मास्टर म्हणायचा, ती त्याला दादा म्हणायची. दादा म्हटल्याने काही फरक पडत नव्हता.

"हात कशाला सगळ्यांत?" बायकोने विचारलं. आवाज सहज निघाला याचं तिलाच बरं वाटलं.

हात असला की ग्लास केवढा ते कळतं, नवरा म्हणाला. शिवाय दारातून येणारं सकाळचं ऊन बोटांवर काय सुरेख पडतं. ते थोडाच वेळ टिकतं म्हणून तर दोघांना आठवडाभर लवकर यावं लागलं. त्याने हे अगदी सरळ सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं. आठवडाभर ती दात येणाऱ्या बाळाला घेऊन खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होती. असं काही ऊन असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बाळाला ओरखडा उठू नये म्हणून नखं मुळापासून कापलेली. त्याच भीतीने अंगठी डबीत. बाहीला आंबूस दुधाचा वास.

बाळाला एका खांद्यावर घेऊन तिने फोन काढला. अल्बम उघडला, नारिंगी ग्लासवर अंगठा दाबून धरला. काढून टाकायचा का, असं फोनने विचारलं. भिंतीवर पुढच्या फेरीला नारिंगी ग्लास आलाच नाही. नवरा पाठ करून वायरी चिकटपट्टीने बसवत होता. मग हिरवा गेला. मग तिने एकेक करत बसायचं सोडून दिलं आणि सगळेच निवडले.

टीव्ही काळा झाला. मधोमध बारीक अक्षरं उमटली: या अल्बममध्ये एकही फोटो नाही.

"अरेच्चा," नवरा म्हणाला. त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. टीव्हीच्या पाठीवर थोपटलं, ढेकर काढायला बाळाला थोपटतात तसं. स्वतःच्या फोनमधले फोटो त्याने जागा करायला कधीच पुसून टाकले होते. कार्डंही नाहीत, आता गिऱ्हाइकांना काय तोंडपाठ म्हणून दाखवू, असं तो पुटपुटला. त्याच्या मानेवर घाम आला होता. तिने फोन तसाच शेजारच्या टेबलावर ठेवला आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मास्टरने सुरी ठेवली. पाण्याचा ग्लास घेऊन ती काउंटरबाहेर आली. तो बायकोपुढे ठेवताना तिची नजर टेबलावरच्या उघड्या फोनवर गेली आणि तिथेच थांबली. मग तिने फोन अलगद पालथा घातला.

"दादा, नेटचा घोळ असेल," ती मागे न वळता म्हणाली. "पुन्हा काढू. या वेळी नुसते ग्लास. हात धरून धरून खांदा भरून येतो माझा."

"बघ," नवरा बायकोला म्हणाला, "हिला काही सांगावं लागत नाही."

फोटोंपेक्षा हे जास्त झोंबलं. आता रागवायलाही जागा उरली नव्हती.

"वहिनी, द्या याला जरा. पाणी प्या तुम्ही," मास्टर म्हणाली. महिनाभर सख्ख्या आत्याकडेही न जाणारं बाळ तिच्याकडे झेपावलं. वळं तोंडात घालायला गेलं, जमेना म्हणून खदखदून हसलं. नवऱ्याचा उतरलेला चेहरा खुलला. त्याने खिशातून फोन काढला, फोटो घेतला आणि आठवडाभराच्या सवयीने अल्बममध्येच टाकला.

भिंत उजळली. नुकते आलेले दोन दात, हनुवटीवर लाळ आणि बाळाच्या पाठीवर पसरलेली हिरवी नखं. टीव्हीभर.

"किंमत काय लिहायची, दादा?" मास्टरने विचारलं. दोघं हसले.

"नवे फोटो निघेपर्यंत हाच राहू दे का गं?" नवऱ्याने विचारलं. त्याची नजर भिंतीवरून हलत नव्हती.

बायकोने फोन उताणा केला. तिथेही तोच फोटो होता. तिने त्या हिरव्या नखांवर अंगठा टेकवला. अंगठ्याखाली बाळाची पाठ होती.