रोजचं खरं

दादरला राहणाऱ्या फ्लॅवियाचे पपा रोज संध्याकाळी विचारत, "विल्मा कुठे गेली?" विल्मा म्हणजे त्यांची बायको. तिला देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ते त्यांच्या लक्षात राहत नसे. दर रविवारी चर्चमध्ये मुलांना 'खोटं बोलणं पाप' असं शिकवणारी फ्लॅविया रोज खरं सांगायची आणि पपा रोज नव्याने रडायचे. त्यांना सावरून सावरून ती पार थकली होती.

आज ती ऑफिसातून आली, तर पपा निवांत चहा पीत बसलेले.

"मीच सांगितलं, ग्रँडमा चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेलीय," तिची आठ वर्षांची लेक एलिना घाबरत म्हणाली. "ममी, चर्चमधल्या फादरना हे पाप सांगावं लागेल?"

फ्लॅवियाने तिला जवळ ओढलं.



"नाही गं. उद्यापासून ग्रँडपांना मीच असं सांगेन. आणि फादरनाही मीच सांगेन."